अमेरिकी विटीदांडूची चौकशी

त्या उन्हाळ्यात लोहाऱ्यातल्या विहिरी आटल्या, म्हशींचं दूध आटलं, आणि दूध सोसायटीच्या ऑफिसातला टीव्ही एका संध्याकाळी बातम्या सांगता सांगता मुका झाला. पहिल्या दोन गोष्टींवर कुणाचा इलाज नव्हता. तिसरीवर होता, म्हणून टीव्ही दुरुस्तीला गेला, आणि तो झाला का बघायला महादेवीला पाठवलं.

महादेवी म्हणजे शरणबसप्पा किराणावाल्यांची थोरली. बारावी झाल्यावर ती सोसायटीत दुधाची फॅट काढायच्या कामाला लागली होती. बऱ्या साली सकाळची रांग रस्त्यापर्यंत यायची. यंदा अर्धी जनावरं छावणीत आणि उरलेल्यांच्या कासा कोरड्या, त्यामुळं ऊन तापायच्या आत तिचं काम उरकायचं. पुढचा दिवस नुसता पडून राहायचा, टँकरची वाट बघत बसलेल्या घागरीसारखा.

दुरुस्तीचं दुकान बाजाररस्त्यावरच होतं. पत्र्याखाली अर्ध्या जागेत भिमाबाईचं शिलाई मशीन, अर्ध्या जागेत सिद्धलिंगचे रेडिओ. सिद्धलिंग मूळचा माकणीचा. सोलापूरला आयटीआय करून आला, आणि दोन वर्षांपासून इथं बसत होता. महादेवीनं त्याला लांबून बघितलं होतं, जसं गावातला विजेचा खांब बघतात तसं. म्हणजे असतो तिथं.

ती ओट्यावर चढली तर सोसायटीचा टीव्ही चालू. त्यावर बोटाएवढी पांढरी माणसं पळत होती, आणि सिद्धलिंग हातात दोन बटणांची एक चपटी डबी धरून पुढं वाकला होता.

"अहो मेकॅनिक, सोसायटीच्या टीव्हीवर हे कुणाचं लगीन चाललंय?"

"थांबा जरा," तो मागं न बघता म्हणाला. "दोघं आऊट झालेत."

मग त्यानं मागं बघितलं. टीव्हीत काहीतरी टूं-टूं वाजलं.

"आता तिघं झाले," तो म्हणाला.

भिमाबाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि दोघांकडं एकदा बघून घेतलं. मग पुन्हा टाके घालायला लागली.

टीव्ही कधीच दुरुस्त झाला होता. त्याला जोडलेला डबा सिद्धलिंगच्या मामेभावाचा. तो मस्कतहून सुट्टीवर आला होता, आणि जाताना हा टीव्हीवरचा खेळ विकून टाक म्हणून इथं ठेवून गेला. डब्याबरोबर खेळ एकच, बेसबॉल. उमरग्याचे व्हिडिओवाले श्रीमंतशेठ घ्यायला तयार होते, पण त्यांची एक अट होती. विकणाऱ्याच्या तोंडावर आपला भरवसा नाही, सिद्धलिंगच्या आहे, तेव्हा त्यानं तो नीट खेळून बघावा आणि गुण-दोष जसेच्या तसे सांगावेत.

हा भरवसा उगाच नव्हता. सिद्धलिंगच्या जिभेला वळसा घालायचं ठाऊकच नव्हतं. महादेवीचे वडील एकदा घरचा जुना रेडिओ घेऊन आले, तेव्हा त्यानं तो उघडून, बंद करून परत दिला होता. याच्यावर खर्च करू नका, म्हणाला, ह्यो आता फक्त खरखरच करणार. अप्पांनी ही गोष्ट गावभर सांगितली होती. असला दुकानदार पोटाला काय खाणार, असंही वर जोडलं होतं.

"बेसबॉल म्हंजी काय?" महादेवीनं विचारलं.

"अजून म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "मामेभावालाबी न्हाय. तुमाला क्रिकेट येतं का?"

"रेडिओवर ऐकलेलं येतं."

"माजंबी तेवढंच. बसा. दोगांशिवाय ह्याचं पाणी कळत न्हाय."

ती बसली. रस्त्याला तोंड करून उघडं दुकान, शेजारी भिमाबाई. बसायला हरकत नव्हती. तरी बसताना तिनं पदर सारखा केला, आणि तो सारखाच होता हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

पहिल्या दिवशी दोघांनीही तो खेळ क्रिकेटसारखाच खेळला आणि दोघंही सपशेल फसले. महादेवीनं चेंडू हलकेच मागं वळवला. क्रिकेटमध्ये तो सरळ सीमेपार. इथं टीव्हीनं टूं केलं आणि एकही धाव दिली नाही. तिनं पुन्हा तसाच मारला, पुन्हा टूं. मशीन खोटं आहे, असं तिनं जाहीर केलं. रस्त्यानं जाणारे दोघंचौघं थांबले होते, त्यांचंही तेच मत पडलं. एकानं तर, अमेरिकेतसुद्धा शेवटी माणूसच पंच असणार, म्हणून मान हलवली. सिद्धलिंग मात्र गप्प बसून बघत होता. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्यानं सांगितलं, की मागं गेलेला चेंडू इथं धरतच नाहीत. समोरच्या दोन पांढऱ्या रेघांच्या मधेच मारायचा.

"म्हंजी समोरासमोर," महादेवी म्हणाली.

"व्हय. चोरून काय न्हाय."

असं एकेक कळत गेलं. चांगले तीन चेंडू सोडले की आऊट. वाईट चार सोडले की काही न करता पहिल्या पाटावर. मैदानात चार कोपऱ्यांना पांढरे चौकोन होते. त्यांना काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून महादेवीनं त्यांना पाट म्हटलं, आणि तेच नाव पडलं. सगळ्या पाटांवरून फिरून आपल्या पाटावर परत आलं की एक धाव. भिमाबाईला हे फारच हास्यास्पद वाटलं. ती म्हणायची, "येवढं पळून शेवटी घरीच यायचं हाय, तर निघता कशाला रे? आमची पोरं इटीदांडूत तरी लांब जात्यात." तिनंच त्या खेळाचं नाव अमेरिकी विटीदांडू ठेवलं.

रोज डेअरीचं काम आटोपलं की महादेवी दुकानाशी यायची, आणि भिमाबाई मान वर न करता गुणगुणायची –

*दूध घालाया गेली, लेक किराणावाल्याची,*
*वाट सरळ घराची, गं ही वाकडी पायाची.*

"भिमाबाई, मशीनला तेल घाला, लई कुरकुरतंय," महादेवी म्हणायची.

"मशीनला घातलंय, बाई. माज्या डोळ्यात बी घातलंय."

गुण-दोष मात्र दोघं प्रामाणिकपणे काढत होती. पहिला मोठा दोष महादेवीनंच काढला. फटका बसला की समोरची माणसं आपापल्या मनानं धावायची. त्यांना बोलावता येत नव्हतं, ओरडून सांगता येत नव्हतं. चेंडू एखाद्याच्या पायाशी येऊन पडायचा आणि तो शहाणा तिसरीकडंच तोंड करून पळायचा. आपण इथं बटण दाबून दाबून अंगठा लाल करायचा, आणि तिथं काही उपयोग नाही. धरून फेकायचं तेवढं आपल्या हातात, पण त्यानं धरला तर. "जेवणावळीत वाढप्याची वाट बगतो तसं वाटतंय," ती म्हणाली. "पंगतीला समदे वाढत्यात, आपल्याच पानाकडं कुणी येत न्हाय."

दुसरा दोष तिनं असा काढला, की दोन्ही बाजूंची माणसं अगदी सारखी दिसतात, आपली कोण आणि परकी कोण कळत नाही. सिद्धलिंगनं तो मान्य केला नाही. टीव्ही काळा-पांढरा आहे, तो म्हणाला, रंगीतवर कपडे वेगळे दिसत असणार. हा दोष टीव्हीचा, खेळाच्या माथी मारायचा नाही.

"तुमाला खेळाची लई बाजू घ्यायची आसती."

"बाजू न्हाय. ज्याचं त्याला."

गुणही होते. चेंडू टाकणाऱ्याच्या हातून सुटल्यावरसुद्धा बटण दाबून तो वाटेत वळवता येत होता. हवा तर जोरात, हवा तर इतका हळू, की मारणारा आधीच दांडू फिरवून मोकळा. आणि नशिबाचा कारभार अजिबात नव्हता. जो नीट बघेल, वेळ साधेल, त्याचाच फटका लागणार. सिद्धलिंग चेंडू फार सुरेख वळवायचा. महादेवीच्या जवळ येता येता तो असा लांब सरकायचा, की तिचा दांडू वाऱ्यातच फिरायचा.

"सरळ टाकाया काय होतं?"

"सरळ टाकला तर तुमी मारताय."

"बोलताना तर एक अक्शर वाकडं येत न्हाय तुमाला. समदा वाकडेपना ह्यात घालता व्हय?"

तो हसला. हसताना त्याची नजर टीव्हीवरून निघाली, तिच्या हातावर आली… आणि डबी धरलेल्या तिच्या बोटांशी थांबली. तेवढ्यात तिनं फटका मारला. चेंडू मैदानाबाहेर. आपला माणूस सगळ्या पाटांवरून सावकाश फिरून आला, आणि टीव्हीनं एक छोटीशी धून वाजवली. दोघांपैकी कुणीच ती ऐकली नाही.

खेळाचा सगळ्यात मोठा दोष शेवटी कळला, तो सिद्धलिंगला एकट्याला. महादेवी नसताना तो मशीनशी खेळायचा. मशीनची एक सवय त्याला सापडली. हळू चेंडू टाकला की ते दर वेळी फसायचं. दर वेळी. एकदा हे कळल्यावर मग जिंकण्यात राम उरला नाही. श्रीमंतशेठ बाजारच्या दिवशी आले तेव्हा त्यानं हे सगळं त्यांच्यापुढं मांडलं, आणि निकाल सांगितला, की हा दोघांनी खेळायचा खेळ आहे. समोर माणूस असेल तर दिवस कसा जातो कळत नाही. एकट्याला त्यात काही नाही.

ते सांगताना महादेवी तिथंच होती. तो शेठकडं बघून बोलत होता. तिला मात्र कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. शेठनी खेळ पसंत केला आणि पुढच्या खेपेला घेऊन जातो म्हणाले.

त्याच आठवड्यात अप्पांनी घरी सांगितलं, की मुरूमचं एक स्थळ आलं आहे. मुलगा रामलिंग, साखर कारखान्यात वीजखात्यात कायम. सोमवारी बघायला येणार. बघण्याआधी चौकशी करायची आपली रीत आहे. मुलगा ज्याच्या नित्याच्या बघण्यातला असेल अशा जाणत्याला घरी बोलवायचं, चहा द्यायचा आणि खरं ते विचारायचं. अशा माणसानं सांगितलेलं मग दोन्ही घरं मानतात.

"आन नशीब बग," अप्पा महादेवीच्या आईला म्हणाले, "त्यो सिद्धलिंग आन ह्यो मुलगा सोलापुरात एका खोलीत ऱ्हायलेत. त्याच्यावानी खरं सांगणारा दुसरा कोण मिळनार?"

महादेवी तांदूळ निवडत होती. तिनं खडा समजून दाणाच टाकून दिला.

सिद्धलिंग संध्याकाळी आला. ओसरीवर घोंगडीवर बसला. स्वयंपाकघराच्या दाराआड महादेवी आणि तिची आई चन्नम्मा. आई कानडीत पुटपुटली, गप्प बस, बांगड्या वाजवू नकोस.

अप्पांनी विचारलं, त्यानं सांगितलं. रामलिंग निर्व्यसनी आहे. रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही. खोलीवर स्वयंपाकाची पाळी कधी चुकवली नाही. एकदा सिद्धलिंग तापानं पडला, तेव्हा यानं वर्ग बुडवून त्याच्या उशाला बसून दिवस काढले.

"हे झाले गुण. दोष?"

सिद्धलिंगनं हातातली कपबशी खाली ठेवली. महादेवीनं दाराच्या चौकटीला हात लावला. तिच्या मनात आलं, आता एक शब्द. एकच. काहीही…

"दोष सापडत न्हाय, अप्पा," सिद्धलिंग म्हणाला. चहा अर्धा टाकून तो उठला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानाशी गेली, पण डबीला हात लावला नाही. उभीच राहिली. सिद्धलिंग एका रेडिओचं पोट उघडून बसला होता. भिमाबाईनं दोघांकडं बघितलं, आणि दोरा संपलाय म्हणून उठून गेली. रीळ भरलेलं होतं.

"अमेरिकेच्या खेळात ढीगभर दोष सापडले," महादेवी म्हणाली. "त्या माणसात एक सापडला न्हाय?"

"नव्हता."

"घोरतो तरी म्हनायचं."

"त्यो न्हाय घोरत." सिद्धलिंगनं पेचकस खाली ठेवला. "म्या घोरतो."

तिला हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं.

"सोमवारी येनारेत ते."

"म्हाईत हाय."

"मग?"

त्यानं पेचकस पुन्हा उचलला. तेव्हा महादेवीला एकदम कळलं, या माणसाचं काय चुकतं ते. त्याला जे विचारलं त्याचं तो अगदी खरं उत्तर देतो. पण न विचारलेलं एक अवाक्षर त्याच्या तोंडून निघत नाही. शेठनी खेळाचं विचारलं, त्यानं सांगितलं. अप्पांनी रामलिंगचं विचारलं, त्यानं सांगितलं. आणि ही तिसरी गोष्ट त्याला जगात कुणी विचारणार नव्हतं.

"टीवी कवाच दुरुस्त झालाय," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण अडखळत नव्हता. "सोसायटीत रोज विचारत्यात, अजून का न्हाय आनला? म्या रोज सांगते, सुटा भाग सोलापूरहून यायचाय. रोज खोटं बोलते. तुमच्यापायी. तुमाला माज्यापायी एक खोटं बोलता आलं न्हाय, त्याचा राग न्हाय मला. बोलला आसता तर कदाचित आला आसता. पन खरं तरी बोला. ते कुनी विचारायची वाट बगताय?"

सिद्धलिंगनं वर बघितलं. उन्हात उभी असल्यानं तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते.

"माकणीचं आमचं शेत धरणात गेलंय," तो म्हणाला. "पान्याखाली गेलं म्हनत्यात. पान्याचा अजून पत्ता न्हाय, शेत मात्र गेलं. अप्पा मला काय म्हनून पोरगी देतील?"

"ते अप्पांनी ठरवायचंय. तुमी कशाला आदीच आऊट देता?"

आणि ती निघून गेली. टीव्ही तिथंच राहिला.

रविवारी सकाळी अप्पा दुकान उघडायच्या तयारीत होते, तेवढ्यात सिद्धलिंग ओसरीपाशी आला. अंघोळ केलेली, विभूती ओढलेली, सदऱ्याला इस्त्री. चौकशीतलं थोडं राहून गेलं, म्हणाला. अप्पांनी किल्ल्या खाली ठेवल्या. महादेवी आत चुलीपाशी होती. ती उठून दाराआड येऊन उभी राहिली, आणि आज आईनंही तिला गप्प बस म्हटलं नाही.

"रामलिंगचं काय ऱ्हायलं का?"

"त्याचं न्हाय. आनखी एक मुलगा हाय."

"कुठला?"

"आदी दोष सांगतो," सिद्धलिंग म्हणाला, आणि एकामागून एक सांगत सुटला. मुलाला जमीन नाही, होती ती सरकारनं घेतली. आई-वडील नाहीत, एक थोरली बहीण आहे, तीही लग्न होऊन परक्या घरी. दुकान आहे, पण भाड्याचं, आणि तेही अर्धं. धंद्यात चतुराई नाही, गिऱ्हाईक आलं तर परत पाठवतो. घोरतो. आणि मोठ्या माणसाच्या घरी चहा प्यायला बसून, जे बोलायला पाहिजे होतं ते न बोलता उठून आला.

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली होती. आयुष्यात कुणी न विचारता तो एवढं पहिल्यांदाच बोलला असावा.

अप्पांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"माकणीचा काय मुलगा?"

"व्हय."

"त्याला मागनी घालाया मोठं मानूस मिळंना?"

"बहिणीला सांगावा धाडलाय. सांजच्या गाडीनं येती. पन सोमवार उद्याच हाय… म्हनून आदी तुमच्या कानावर घातलं."

अप्पांनी रस्त्याकडं नजर वळवली. बाहेर टँकरपाशी घागरींची रांग लागत होती, बायकांचा कलकलाट ऐकू येत होता.

"आपल्या ताकाला कुनी आंबट म्हनत न्हाय," ते शेवटी म्हणाले. "तू तर आक्खा माठच आंबट म्हनून सांगतोयस. आसं चालत न्हाय, सिद्धलिंग. चौकशी ज्याची त्यानं सांगायची नस्ती. दुसऱ्यानं सांगायची आस्ती. रीत हाय ती." मग त्यांनी मान आत वळवली. "महादेवी, भाईर ये."

महादेवी बाहेर आली. हाताला पीठ होतं.

"आक्ख्या बाजाररस्त्यानं मला येऊन सांगितलंय, तू ह्याच्या दुकानात काय खेळाया जात हुतीस ते. मला वाटलं, टीवीचं काम हाय, होईल तेवढ्यात." अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. "आता तू सांग. एवढे दिस बगितलंस. ह्याची खोट काय?"

महादेवीनं सिद्धलिंगकडं बघितलं नाही. जमिनीकडंही बघितलं नाही. सरळ अप्पांकडं बघून ती म्हणाली, "विचारल्याबिगर बोलत न्हायत. येवढीच एक."

"ती गेली म्हन की आज."

"व्हय. आज गेली."

दाराआडून आईच्या बांगड्या वाजल्या. अप्पांनी किल्ल्या उचलल्या, हातात खुळखुळवल्या, पुन्हा खाली ठेवल्या. मुरूमला निरोप आज दुपारच्या आतच धाडायला हवा, ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. माणसं चांगली आहेत, उगाच गाडीचा हेलपाटा नको. रामलिंगला दुसरीकडं बघू, तसला मुलगा मोकळा राहत नाही. मग घसा खाकरला.

"आन गुण?"

महादेवीनं हाताचं पीठ झटकलं. आता कुठं तिच्या गालावर लाली चढली.

"ते तुमी बगा की, अप्पा," ती म्हणाली. "समदं म्याच सांगू का?"